रवळनाथापुढची परात

मंडळी, परक्याचं खोटं पकडायला आपण सगळेच वाघ! पण तेच खोटं आपल्या लाडक्या गोष्टीच्या बाजूनं उभं राहिलं — तर त्याला 'चालता हो' म्हणणारे किती? हात वर करू नका, देव बघतोय! ऐका.

तळकोकणात एक डॉक्टर कालिंदी सामंत. औषध देणाऱ्या नव्हेत, संशोधन करणाऱ्या. चिरलेलं सफरचंद काळं पडतं ना? तसं आपलं शरीरही आतून झिजतं म्हणतात. ती झीज रोखणारा गुण म्हणजे अँटिऑक्सिडंट — जीभ अडखळली तर 'गोविंद' म्हणा, मोकळी होईल! बाईंचा सगळा जीव कोकमात. वडील म्हणायचे, "कोकमासारखं औषध नाही." ते जगापुढे सिद्ध करायचं, एवढाच ध्यास. केस पिकले, ध्यास सुटला नाही.

त्यांनी कोकमाच्या अर्काच्या कॅप्सूल केल्या आणि कुडतरवाडीच्या लोकांना दिल्या. निम्म्यांच्या डबीत कोकम, निम्म्यांच्या डबीत नुसती तांदळाची पिठी! दिसायला सारख्याच. का? तर गुण कोकमाचा की मनाचा, हे कळावं म्हणून. डबीवर नाव — ज्याची डबी त्यानंच खायची.

पुढं रक्त तपासलं. कोकमवाल्यांचं रक्त सरस! बाईंना रडूच कोसळलं. मोठ्या परिषदेत निकाल सांगायचं ठरलं. त्याआधी गावाचे आभार मानावेत म्हणून त्या वाडीत आल्या. गावदेव रवळनाथाच्या देवळात आबा गुरव भेटले, देवाचे पुजारी. छाती फुगवून म्हणाले, "बाय, तुझा औषध आमी देवाक दाखयल्याशिवाय तोंडात घातला नाय!"

"म्हणजे?"

"औषध इला काय सगळा परातीत ओतूचा, रवळनाथाफुडे ठेवूचा, गाराणा घालूचा — ह्येचो गुण सगळ्यांका सारखो येव दे रे म्हाराजा! मगे मूठमूठ वाटूचा."

"पण आबानू, डब्यांवर नावं होती ना?"

"प्रसादात तुजा-माजा खय आसता, बाय?"

हसलात? बाई नाही हसल्या. कोकम कुणी खाल्लं, पिठी कुणी — एका रवळनाथालाच ठाऊक! म्हणजे तो निकाल निव्वळ योगायोग.

मग मन बोलायला लागलं. मन म्हणजे फुकटचा वकील! "कालिंदी, कुणाला कळणार आहे? कोकम काय वाईट आहे? लोकांचं भलंच होईल." पटायलाही लागलं हो! तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "आबानू, बीपीची गोळी घेता ना?"

"ती सोडलंय! आता देवाची गोळी आसा मां!"

इथं एक आबा. निकाल छापून आला, तर घरोघरी असे आबा! त्यांनी तिथल्या तिथं म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं, गोळी सुरू करवली. आणि परिषदेत उभ्या राहून म्हणाल्या, "माझा निकाल ग्राह्य धरू नका." कुणी खुदकन हसलं. पण बाईंनी शब्द मागे घेतला नाही. प्रसादात तुझं-माझं नसतं ना? मग खऱ्यात तरी कुठं असतं!

पुन्हा पहिल्यापासून प्रयोग. या खेपेला डब्या बंदच देवापुढं, आणि गाऱ्हाणं नवं — "ज्येची डबी तेकाच गावू दे रे म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

आणि निकाल? कोकम आणि पिठी — काडीचा फरक नाही!

बाईंनी तो देवळात येऊन सांगितला. सांगताना वडील आठवले, डोळे भरले. आबा म्हणाले, "बाय, म्हंजे देवान माजा पयलाच गाराणा ऐकल्यान! सगळ्यांका सारखो!"

आता मात्र बाई हसल्या — रडता रडता हसल्या. त्या दुपारी आबांच्या घरी त्या कोकमाची सोलकढी मागून मागून प्यायल्या. औषध म्हणून नव्हे हो, आवडते म्हणून!

तर मंडळी, उद्या सकाळी मोबाईलवर येईल — 'हे पान चावा, सगळे रोग पळवा!' तुमचं बोट ते चार जणांना धाडायला शिवशिवेल. त्या चारांत एखादा आबा असेल, तुमच्यावर विश्वास ठेवून हातातली गोळी खाली ठेवणारा. त्याला आठवा, आणि मग काय ते ठरवा.

चला, टाळ घ्या हातात! आणि घरी गेल्यावर — आपापली गोळी घ्या.