शेपटीखालचं भोक

भट्टी उघडायची वाट बघत रांगेत उभ्या असलेल्या मुलीने कान टवकारले. टवकारणारच ना! पुढच्या सासूसुना ज्या मातीच्या घुबडाबद्दल बोलत होत्या, त्याच्याच शेजारी तिचा आयुष्यातला पहिलावहिला कप भाजायला ठेवला होता.

“आई, घुबड फुटलं असणार हो. आतून पोकळ, आणि मी भोकच ठेवलं नाही. वाफ जाणार कुठून?”

“मग भट्टीत ठेवायच्या आधी सांगायचंस की!”

“शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या असत्या, मोड आणि परत कर. किती खपले होते मी!”

“आणि तुकडे उडून शेजारच्यांची भांडी फुटली म्हणजे?”

मागच्या मुलीच्या तोंडून “अगं बाई!” निघता निघता राहिलं.

“म्हणून तर मघापासून रामरक्षा म्हणतेय.”

“म्हण. अजून जरा वेळ म्हण.”

“तुम्ही हसताय काय, आई?”

“अगं, ओलं होतं तेव्हाच मी भोक पाडलंय. शेपटीखाली. अंबाड्याचा आकडा काढून.”

“आणि मला बोलला नाहीत?”

“तू तरी कुठे बोललीस, घुबडाला माझा चष्मा आणि माझा अंबाडा लावलायस ते?”

“...ओळखलंत?”

“रोज आरशात बघते मी.”

तेवढ्यात भट्टी उघडली. कप शाबूत! घुबडही शाबूत, चष्म्यासकट.

“आई, आता रंग द्यायचा. केस कसे करू?”

“काळेभोर. एक जरी पांढरा दिसला ना, तर पुढच्या घुबडाला भोक तुझं तूच पाड.”