देवी काढायची परवानगी

— नाही हो देवीडाक्तर, चोरून नाही काही, मी जसोदा सांगते ना, तुम्ही पेटी उघडा. घरधन्याला विचारलंय मी. समोर बसून, ताटात भाकरी वाढता वाढता विचारलंय — पोरांसाठी घरात देवी काढून घेऊ का? — तर म्हणाले, काढ ना, मी कोठे नही म्हनस? झालं की मग. आता त्यांना वाटलं, बाई भिंतीवर गेरूनं देवीचं चित्र काढणार, तर त्याला मी काय करू? टोचण्याला देवी काढणं म्हणायचं हे तुमच्या कचेरीतलं मराठी. माझं माहेर धुळ्याचं, शाळेला लागून घर, म्हणून मला ठाऊक. यांना आपली घरातली गुजरी बोली, गावातली अहिराणी, नि कापसाचा भाव. — धर व चंपे, भाऊना हात धर. रडू दे त्याला. —

हसताय होय? हसा. गेल्या साली सरळ विचारलं होतं मी, पोरांना टोचून घेऊ का — तर म्हणाले, देवी घरात पाहुणी म्हणून येते, तिला सुई दाखवतेस? चैत्रात देवीचे फोड आले नि माझा मगन गेला, थोरला. अजून भाकरी करताना एक जास्तीची थापली जाते माझ्या हातून. तेव्हापासून ठरवलं, या घरात सरळ काही विचारायचं नाही. — हं, आता हिचा दंड घ्या. —

काय म्हणता? आज नेमके कसे घरात नाहीत? — सासूबाईंनी नेलंय म्हसावदच्या बाजाराला. आजच म्हैस बघायची होती त्यांना. गोठ्यात तीन उभ्या आहेत, तरी. छे, त्यांना काय कळतंय यातलं, देवभोळी बाई — म्हणजे — बरं, तुम्हाला म्हणून सांगते, बोलू नका कुठं. यांच्या दंडावर वण आहेत, गोल गोल, ओळीनं. लहानपणी बैलगाडीतून पडलो, म्हणतात. आईनं सांगितलंय. आता बैलगाडीतून पडून कुणाला असे ओळीनं वण येतात, तुम्हीच सांगा — तुमच्या तर ओळखीचे असतील ते.

थांबा. खोकला ऐकलात? गल्लीच्या तोंडापासनं खोकत येतेय म्हातारी. दम्याबिम्याचा नाही तो, ठणठणीत आहे ती. उचला पेटी. परसातून जा, केळीतून, कुत्रं बांधलंय. — चंपे, डोळे पूस भावाचे. आणि नीट ध्यानात ठेवा दोघं, बाप विचारेल तर, तुम्ही बैलगाडीतून पडलात.