फक्त मोरांसाठी

तुम्ही म्हणता, हिशेबाच्या कामात कसल्या आल्यात गोष्टी! पण ही ऐका. नाशिकला जनावरांच्या धर्मादाय दवाखान्यात मी हिशेब सांभाळायचे. एकदा दिंडोरीकडचे एक आबा घोंगडीत मोर गुंडाळून घेऊन आले. औषध लावलेलं मक्याचं बियाणं त्यानं शेतातून उकरून खाल्लं होतं. मोर वाचला नाही. आबांनी तिथंच देणगी दिली आणि पावतीवर लिहून घेतलं, 'फक्त मोरांसाठी.'

त्यानंतर दोन वर्षं एकही मोर आला नाही. इकडे कुत्र्यांच्या लशींना पैसे नव्हते. ऑडिटर म्हणाले, "देणाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय त्यातला रुपयाही दुसरीकडे वापरता येणार नाही." म्हणून मी कागद घेऊन आबांच्या मळ्यावर गेले.

"आबा, तुमचे पैसे तसेच पडून आहेत," मी म्हणाले. "पण एका अर्थी बरंच झालं. एकही मोर आजारी पडला नाही."

आबांनी शेताकडे हात केला.

"ताई, आजारी पडायला मोर हायेत कुठं? त्या साली लय मेले. राहिलेले परत फिरकलेच नाय. बियाणं माझंच होतं."

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि सही केली.

"लावा कुत्र्यांना," ते म्हणाले. "पण कधी मोर आलाच, तर पैशाचं बघू नका. मला नुसतं कळवा."