ओल्या पेंढ्याचा नफा

...आणि वर मलाच विचारतात, 'सख्ख्या मेहुण्याला कुणी एवढं मारतं का हो?' मारतं! मी मारलं! हे बघा, भुवईला चार टाके, कानाला त्याच्या दातांची खूण, आणि ही करंगळी... ही तर आता वळतच नाही. पण तुम्हाला सांगतो, हातात पिशवी होती म्हणून तो वाचला, वरवंटा असता तर आज मी तुमच्यासमोर नसतो, गजाआड असतो!

झालं काय, या मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, मशरूमची शेती सुचली. शेती कुठे? तर आमच्या झोपायच्या खोलीत! पलंग बाहेर, आम्ही दोघं स्वयंपाकघरात गॅसच्या टाकीला उशाशी घेऊन, आणि खोलीत छताला टांगलेल्या शंभर पिशव्या. आत भिजवलेला पेंढा आणि बियाणं. आणि भांडवल? बायकोच्या चार बांगड्या! सोन्याच्या, तिच्या आईने घातलेल्या, गेल्या मोडीत! कारण साहेबांनी भिंतीवर पेन्सिलीने अंदाज मांडला होता ना... 'किलोभर पेंढ्याला पाऊण किलो मशरूम, दाजी! एवढा पेंढा, एवढा माल, ताईच्या चाराच्या आठ बांगड्या!' म्हटलं, अरे, आणि नाही आला माल तर? तर मान वाकडी करून म्हणतो कसा, 'हिशोब चुकत नाही दाजी, माणूस चुकतो.'

तेव्हाच हाणायला हवा होता!

आत बियाण्याची बुरशी पसरून पिशव्या पांढऱ्याफेक झाल्या, पण मशरूम? औषधाला नाही! बायको रोज दार उघडायची, रिकाम्या मनगटावरून हात फिरवायची आणि दार लावायची. ते मला फार लागायचं हो. शेवटी बियाणंवाल्याला फोन लावला. तो विचारतो, 'पेंढा किती होता?' मेहुण्याने ऐटीत आकडा सांगितला. 'कोरडा ना?' साहेब डोकं खाजवायला लागले. अहो, भिजवल्यावर मोजला होता! पाणी मोजलं या गाढवाने, पाणी! बादल्याच्या बादल्या पाणी धरून नफा काढला! बियाणंवाला खोकेपर्यंत हसला. 'मग आला तरी चौथाईच येणार,' म्हणाला. म्हणजे आठाच्या दोन! आणि हा निर्लज्ज फोन ठेवून म्हणतो, 'बघा दाजी, हिशोब कुठे चुकला? माणूस चुकला.'

बस्स! पहिली थोबाडीत मारली तीच इतकी सणसणीत, की तो पिशव्यांत गेला आणि पिशवी झोका घेऊन आली ती माझ्याच नाकावर! त्याने पाणी मारायचा पंप उचलून माझ्या डोळ्यांत फवारा मारला, मी आंधळा होऊन पिशवी खेचली आणि घातली टाळक्यात, फाट्! पेंढाच पेंढा! त्याने दुसरी घातली, मी तिसरी... तो कानाला चावला, मी त्याचा हात पिरगाळला, हाताचा काडकन आवाज, तो 'ताई गं!' मी 'आई गं!' शेवटी बायको झारा घेऊन आली आणि मारलं कुणाला? मला! हे चारपैकी दोन टाके झाऱ्याचे आहेत.

दवाखान्यात शेजारी शेजारी खाटा. त्याचा हात प्लास्टरात. आणि आठवड्याने बायको धापा टाकत आली, 'अहो, फुटलेल्या पिशव्यांना घोसच्या घोस आलेत!' अहो, पांढऱ्या झालेल्या पिशव्या चिरायच्या असतात, म्हणजे मशरूमला बाहेर यायला वाट मिळते, हे त्या गाढवाने बियाणंवाल्याकडून ऐकूनच घेतलं नव्हतं! उरलेल्या मग ब्लेडने चिरल्या, पण उशीर झालेला, आत कुजलेल्या, मूठभर आला माल. झालं! साहेबांनी पेन्सिल मागवली आणि चक्क प्लास्टरवर हिशोब मांडला. 'फोडलेल्या पिशवीला एवढा माल, चिरलेलीला एवढा. मारामारीच फायद्याची, दाजी! दवाखान्याचं बिल वजा जाता एका मारामारीला अर्धी बांगडी!' अरे, पण वेळेवर चिरल्या तर... ऐकतंय कोण? 'हिशोब चुकत नाही दाजी!'

चार बांगड्या म्हणजे आठ मारामाऱ्या! मी मोठ्या आशेने बायकोकडे बघितलं. म्हटलं, ही तरी नाही म्हणेल. तिने मनगटावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, 'आठच ना?'

नवीन पिशव्या कालच पांढऱ्या झाल्या. काल तिने बाजारातून हेल्मेट आणलं. एकच. म्हटलं, अगं, हे माझ्यासाठी ना? तर म्हणाली, 'तुम्हाला कशाला? हिशोब त्याला करायचाय, त्याचं डोकं शाबूत नको?'

बरोबर आहे... माझं डोकं काय, हिशोबात आधीच वजा धरलंय!