खिडकीवरची पानं

दवाखाना जुन्या इमारतीत होता. नंबराची वाट बघत आम्ही सगळे दाराकडे डोळे लावून बसलेलो. शेजारच्या बाकावरचे म्हातारे कारागीर आणि त्यांची लेक मात्र माना वर करून छत न्याहाळत होते. तिथे गिलाव्यात उमललेला पानाफुलांचा वेल चारी कडांनी धावत होता.

“बाबा, ओल येऊन पडलेला तुकडा मी नव्याने घडवलाय. तो ओळखलात, तर नाट्यगृहाच्या घुमटाचं काम मला करू द्या म्हणून मागे लागणार नाही.”

“मागाहून शब्द फिरवायचा नाही हं.”

“तुमचीच लेक आहे मी.”

“म्हणून तर बजावतोय. हा बघ, सापडला! खिडकीवरचा. सगळा वेल कसा वाऱ्यावर डुलतोय, आणि तेवढीच पानं मेली अंग चोरून बसलीत. हात थरथरला वाटतं?”

“बाबा, ती तुम्ही केलेली. मी जन्मले त्या दिवशी. आईने शंभरदा सांगितलंय.”

“अगं, हो की! तिला कळा सुरू झाल्याचा निरोप आला, तेव्हा मी शिडीवरच होतो. मग दुसरं काय होणार!”

“आता माझी पानं कुठली, ते सांगा.”

“थांब जरा. कोपऱ्यातली? छे. दारावरची? तीही नाहीत. पोरी, मला नुसता वेलच दिसतोय गं.”

“म्हणजे?”

“म्हणजे घुमटावर तू चढायचंस. चुना मी खाली बसून कालवून देईन. पातळ झाला तर खुशाल ओरडायचं. बाप म्हणून गय करायची नाही.”