होळीला दरीत

दोन हजार चारचा फाल्गुन. नाशिकच्या जुन्या स्टँडवर, माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी आणि एक तरुण बाई बोलत होत्या.

"कुठं निघालात, मावशी?"

"सुरगाण्याकडं. घाट उतरला की आमची दरी हाय."

"मोठं गाव आहे?"

"नाय वो. तीन अंगांनी डोंगर, चौथ्या अंगानं नदी गुजरातेत जाती. आमचं पूर्वज तिच्याच काठानं वर आलं. झऱ्यापाशी पहिली चूल मांडली, रान तोडून नागली पेरली."

"कोणी सांगितलं हे?"

"सासऱ्यानं. होळीला सगळ्यांना बसवून सांगायचं. मंग आमचं मालक सांगाया लागलं. ते गेलं औंदा."

"आता?"

"आता म्याच. बाकीची घरं बंद हायेत. माणसं द्राक्षाच्या कामाला गेली, ती तिकडंच ऱ्हायली."

"मग इथंच राहायचं ना, कोणाकडं तरी."

"लेक हाय इथं सातपूरला. म्या महिनाभर ऱ्हायली तिच्याकडं. नातीला सांगाया बसली, तर ती टीव्हीकडं बघत हूं हूं करायची."

"पण तिकडं तरी ऐकायला कोण आहे?"

"कोण नाय."

"मग?"

"तिथं डोंगराकडं हात करून सांगता येतं, बाई. इथं कुठं हात करू?"