सुधारलेल्या पट्ट्या

चांगल्या कारागिराची चूक होत नाही म्हणता? मग हे ऐका. पंधरा ऑगस्टच्या मिरवणुकीला पेणमध्ये आम्ही इंग्रजांच्या काळातल्या आरमाराचा चित्ररथ करत होतो. अधिकाऱ्याचं काम माझ्याकडे. खांद्यावरच्या पट्ट्या त्या काळातल्याच हव्यात, म्हणून रोह्याच्या दामूकाकांनी त्यांच्या वडिलांचा महायुद्धातला, आरमाराच्या गणवेशातला फोटो दिला. जोह्याचा रमाकांत, आमचा गणपती रंगवणारा मित्र. त्याने फोटो बघून काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी पट्ट्या काढल्या, दोरी धरून काढाव्यात तशा सरळ.

तालमीला दामूकाका आले. पट्ट्या बघून रमाकांतला म्हणाले, "फोटोत नागमोडी हायत ना रे?"

"व्हय. मला वाटलं, करणाऱ्याचा हात हालला असंल. म्हणून मी सुधारल्या."

"सुधारल्या? अरे, सरळ पट्टी कायमच्या अधिकाऱ्याला. आमचे बाबा लढाईपुरते भरती झालेले. तसल्यांना नागमोडीच मिळायची."

रमाकांत ओशाळला. "तीस वर्षं हात हालू दिला नाय, आता मुद्दाम हालवू व्हय?" असं पुटपुटत त्याने काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि त्या पट्ट्या पुसायला घेतल्या.

काकांनी त्याचा हात धरला. "पुसू नको. नागमोडी दुसऱ्या पुठ्ठ्यावर काढ. ह्या मला दे."

"चुकीच्या कशाला नेताय, काका?"

"घरी बाबांच्या फोटोला लावतो. कायम करा म्हणून किती अर्ज केले होते त्यांनी, माहीत हाय?"